जामिनाचा धोंडा

बसू नका त्या धोंड्यावर, पाहुणे. फोटो काढायचा तर बाजूला उभे राहून काढा. शेंदूर नाही, फूल नाही, म्हणून येणाऱ्याला वाटते, बाजारात टेकायची सोय केली आहे. पण आमच्या बिरोळीत त्याच्यावर कुणी टेकत नाही. याला जामिनाचा धोंडा म्हणतात. घोंगडी घ्यायला आलाच आहात, तर ऐकून जा. भावाचे नंतर बघू.

फार मागची गोष्ट. मोठा दुष्काळ पडून गेला होता, असे सांगतात. मेंढरे मेली, माणसे मेली आणि इथल्या घोंगडी विणणाऱ्या सणगरांचे माग रिकामे पडले. विणायला हात होते, पण लोकर घ्यायला गाठीला दमडी नव्हती. सावकार माग गहाण मागायचा. आता माग त्याला दिला तर विणायचे कशावर, सांगा! तेव्हा देशमुखांना कळवळा आला. त्यांनी लांबून लोकर आणवली, सरकारी कोठी भरली आणि दवंडी पिटवली, की ज्याच्या घरी माग आहे त्याने लोकर न्यावी, घोंगडी विणून कोठीत द्यावी, लोकरीचा दाम कापून उरेल ते विणणाऱ्याचे. जामीन मात्र द्यावा.

कोठीवर रायाजी नावाचा कोठावळा होता. चोर नव्हता हो, तेवढे खरे बोलायला हवे. त्याला एकच धास्ती, लोकर बुडाली तर खापर आपल्या डोक्यावर फुटेल. म्हणून ज्याला शेत होते त्याचे शेत त्याने जामीन धरले. ज्याला काहीच नाही, त्याच्या घरच्या माणसाने अंगाने जामीन राहावे, असा त्याने नेम काढला. म्हणजे काय, तर पहिली घोंगडी कोठीत येईपर्यंत त्या माणसाने रोज उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत या पारावर पाठीवर धोंडा घेऊन वाकून राहायचे. धोंडा भुईला टेकला की लोकर परत आणि माग जप्त. सारा बुडवणाऱ्याला पूर्वी ही शिक्षा असे. रायाजीने ती भांडवल मागणाऱ्याला लावली. झाले! शेतवाल्यांनी लोकर नेली, गरीब पाराकडे बघून माघारी फिरले, आणि रायाजीने वर कळवले म्हणे, की गरिबांना लोकरीची गरज दिसत नाही.

खालच्या आळीत सगुणा राहायची. नवरा दुष्काळात गेलेला, घरात ती आणि तिची सासू भिवराई. बायकांनी सूत कातायचे, मागावर पुरुषाने बसायचे, अशी तेव्हाची रीत. पण भिवराईने सुनेला हाताला धरून मागाच्या खड्ड्यात बसवले आणि विणायला शिकवले. हिवाळ्याच्या आत एक घोंगडी झाली तर दोघी तगणार होत्या. नाही झाली तर सावकाराच्या दारात जन्मभर राबायचे. भिवराई एके दिवशी स्वतःच कोठीवर गेली आणि जामीन राहते म्हणाली. सगुणा रडली, पाया पडली, धोंडा मी घेते म्हणाली. म्हातारी ऐकेल तर शपथ.

"डोळे गेलेत माझे, पाठ शाबूत आहे," ती म्हणाली. "तू बस मागावर."

लोकर घरात आली आणि धोंडा पाठीवर चढला. सगुणाने जिवाचे रान केले. उभे धागे लावले, चिंचोक्याची खळ दिली आणि विणत सुटली. संध्याकाळी भिवराई भिंत धरत घरी यायची, तिची पाठ सोललेली असायची. सगुणा तेल लावताना डोळे मिटून घ्यायची. म्हातारी मात्र आधी मागाशी जाऊन विणलेल्यावर हात फिरवायची, मगच भाकरीला बसायची.

घोंगडी संपत आली त्या दिवशी ऊन फार होते. शेवटचा काठ विणून होत आला होता. हात भरभर चालत होता आणि सगुणाच्या लक्षात आले, की वीतभर मागे दोन धागे एकात गेलेत. तिने हात थांबवला. तसेच पुढे विणले तर दुपारपर्यंत घोंगडी कोठीत आणि धोंडा खाली. उकलून पुन्हा विणायचे म्हणजे दिवस मावळणार. पण सणगराच्या मागावरून खोटीची घोंगडी उतरवायची नाही, हे तिला सासूनेच शिकवलेले. तिने शेजारच्या तुळसाला पारावर पाठवले, विचारून ये म्हणाली. सगुणाला वाटत होते, आत्याबाई म्हणतील राहू दे. अगदी मनापासून वाटत होते तिला तसे.

तुळसाने वाकून विचारले. भिवराईने पाठीवरचा धोंडा सावरला. मग म्हणाली, "उकल म्हणावं."

सगुणाने उकलले. ओल्या खळीने धागे चिकटलेले, ओढले की तुटायचे, जोडत जोडत पुन्हा विणायचे. दिवस कलला तेव्हा घोंगडी मागावरून उतरली. सगुणा आधी पारावर गेली नाही, कोठीवर धावली. तिथून हुकूम निघाल्याशिवाय धोंडा उतरत नव्हता ना! रायाजीने घोंगडीची घडी तशीच तराजूत टाकली.

"वजन बरोबर आहे," तो म्हणाला.

"काठ बघा की," सगुणा म्हणाली.

"काठ कोण बघतं? इथं वजन लागतं."

ती पारावर आली. भिवराई गुडघ्यांवर होती, कपाळ भुईला, धोंडा पाठीवर तसाच. पहारेकऱ्याला वाटले होते, म्हातारी विसावली आहे. धोंडा टेकला नव्हता, मग त्याने तरी कशाला बघावे? सगुणाने अंगाला हात लावला, तर अंग केव्हाच गार पडले होते.

पुढचे ऐका. दोन गड्यांनी उचलायचा धोंडा, पण रायाजीची सगळी माणसे लागली तरी हलेना. रात्र गेली. सकाळी देशमुख आले, खाली मान घालून उभे राहिले. सगुणा त्यांना म्हणाली, "जामीन गाव राहील, तर गाव हात लावील." देशमुखांनी मान्य केले. मग आळीआळीतून माणसे आली, घरटी एक हात लागला आणि धोंडा फुलासारखा उठला. रायाजीनेही लाजेकाजेस्तव हात घातला. सगळ्यांनी सोडला तेव्हा धोंडा इथे बसला आणि रायाजीची बोटे खालीच राहिली, असे म्हणतात. माझी आजी एवढे सांगताना हसायची. वाईट वाटते, पण आम्हीही हसतो.

सगुणा पुढे म्हातारी होईपर्यंत विणत राहिली. पण तिने मागावर पुन्हा काही उकलले नाही.

आजही बिरोळीत नवा माग लागला की गावच्या कोठीतून लोकर मिळते आणि जामीन कुणी विचारत नाही. आजही पहिल्या घोंगडीच्या काठात दोन धागे एकात घातलेले असतात. शहरातले गिऱ्हाईक ती खोट दाखवून भाव पाडून मागते, आम्ही एक पैसा कमी करत नाही. आणि नव्या पोरीच्या हातून विणताना चूक झाली, घाबरून ती उकलायला गेली, तर शेजारची म्हातारी तिचे मनगट धरते आणि म्हणते, "राहू दे."