चंद्रीचा भरडा

मेंढरांचं बोलणं माणसांना कळायचं, तेव्हाची गोष्ट. गाभण चंद्रीला मायाप्पा धनगर रोज बाजरीचा भरडा चारायचा. तिला झोपेतही त्याचा गोड वास यायचा.

चंद्री व्याली, तसं मायाप्पानं तिच्यापुढचं भरड्याचं टोपलं उचललं. "आता पोट मोकळं झालं. भरडा कशाला?"

कोकरू लुचत राहिलं, पण कास कोरडीच. भुकेनं चंद्रीला सगळा माळ धुक्यात तरंगल्यासारखा दिसू लागला. तशीच ती पालापाशी आली. आत मायाप्पा बाळंतीण बायकोसाठी अळिवाची खीर ढवळत होता.

"धनी, मालकिणीचंही पोट मोकळं झालंय. मग खीर कशाला?"

"तिला दूध यावं म्हणून," मायाप्पा बोलून गेला, आणि ढवळता हात थांबला.

काही दिवसांनी त्याच पालात कोकरू आणि तान्हुली शेजारी शेजारी झोपली होती. दोघांच्याही ओठांवर दूध होतं.