खपली पडली, म्हणजे झालं!

फार फार वर्षांपूर्वी एका रानात हरणांचे दोन कळप होते, एक नदीच्या अल्याड, दुसरा पल्याड. पावसाळा सरला की दोघांत वेलींच्या चेंडूचा खेळ सुरू व्हायचा, तो थेट पळस फुलेपर्यंत. शेवटचा डाव जिंकणाऱ्यांनी उन्हाळाभर डोहावर आधी पाणी प्यायचं. हरलेल्यांच्या वाट्याला उरलेला गाळ.

अल्याडच्या कळपात एक तरणा काळवीट होता. चेंडू त्याच्या खुराशी आला की समोरचे नुसते बघत राहायचे. कळपाने त्याला अगदी डोक्यावर घेतलं होतं.

ऐन हंगामात त्याचा पाय खडकाच्या कपारीत अडकला आणि गुडघा फाटला.

त्या कळपाची एक रीत होती : खपली पडली की जखम संपली. पुढे कुणी काही विचारायचं नाही. ही रीत कुणी काढली कोण जाणे; ज्याला कधी साधं खरचटलंही नव्हतं, अशानेच काढली असणार!

खपली पडली. काळवीट खेळात उतरला. पण चेंडू जवळ आला की त्याचा पाय आपोआप मागे यायचा. सोपे फटकेही हुकू लागले.

मग काय, कालचे भाट आज वैरी झाले. "माजलाय!" "नाटकं करतोय नुसती!"

"पाय अजून माझं ऐकत नाही," काळवीट म्हणाला. "थोडे दिवस नुसतं चालू द्या मला."

एक म्हातारी हरिणी पुढे आली. "अरे, खपली कातड्याची पडली. आतल्या दुखण्याचं काय? आज खेळवाल, तर कायमचा गमवाल त्याला."

"रीत ती रीत, आजी," कळपाचा म्होरक्या खेकसला. "उद्या शेवटचा डाव आहे. पाणी कोण देणार, तुम्ही?"

शेवटच्या डावात काळवीट पुन्हा अडखळला. त्याच्याच कळपाने त्याची हुर्यो उडवली. तो पेटला. दुखऱ्या पायावर सगळा भार टाकून त्याने फटका मारला. चेंडू भलतीकडेच गेला, आणि पाय मोडला तो मोडलाच.

उन्हाळा आला. अल्याडचे गाळ चाटत सुस्कारे सोडू लागले, "काय खेळायचा हो आपला काळवीट!" आपला? मेल्यांनो, तेव्हा कुठे गेला होता हा आपलेपणा?

त्यांचे घसे कोरडे पडले, याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. पण डोहावर सगळ्यात शेवटी पोचायचा तो काळवीटच, लंगडत लंगडत. तोवर गाळही तुडवून झालेला असायचा. त्याला वाट द्यायला एकही जण कधी बाजूला सरला नाही.

तात्पर्य : ज्याच्या दुखण्याला आपण वेळ दिला नाही, त्याच्या पराक्रमावर हक्क सांगू नये.