आभाळातलं काळं जनावर

पाखरं हाकायला अजून गोफण निघाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

बाभळीवरचा ससाणा थव्यातून उडणाऱ्या एका भोरडीला हाक मारून म्हणाला, "बाई, रोज दिवस कलला की आभाळात एक काळं जनावर फिरतं. त्याला ना डोकं, ना पाय. त्याच्या धाकाने मी उपाशी निजतो. तू कधी पाहिलंस?"

भोरडीने थव्यात सगळ्यांना विचारलं. थोरली मावशी फणकारली, "कसलं जनावर? शेजारणीचे पंख वळले की आपले वळवायचे, एवढंच मला ठाऊक. इकडेतिकडे बघायला सवड कुणाला आहे?"

भोरडीला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सांज होताच ती थव्यातून हळूच निसटली, बाभळीवर बसली आणि तिने वर पाहिलं.

जनावर खरंच होतं. ते फुगत होतं, वळत होतं, पाण्यासारखं वाहत होतं. बघता बघता तिला उमगलं, की हा तर आपलाच थवा! ती त्यात आपली रिकामी जागा शोधू लागली. पण कुठे भोक नव्हतं, साधी फटही नव्हती.

"माझी जागाच दिसत नाही," ती पुटपुटली.

"नाहीच दिसायची," मागच्या फांदीवरून ससाणा म्हणाला. "पण आता तू दिसतेस."