ठिपकीचं पाणी निवळेना

नाक धरा. धरलंत? घट्ट धरा हं! आजची गोष्ट जरा घाण आहे. नाक सोडलंत तरी चालेल, गोष्ट मात्र सोडायची नाही.

टेकडीखाली एक गल्ली. गल्लीत पत्र्याची घरं. घरांपुढे एक नळ. नळाखाली एक डोणी. डोणी म्हणजे दगडाचा टब. सगळी गल्ली तिथं भांडी विसळायची.

डोणीच्या कडेला राहायची बेडकी. आणि डोणीत राहायची तिची ठिपकी. ठिपकी म्हणजे बेडकीचं बाळ. अजून पाय फुटले नव्हते. नुसतं डोकं आणि शेपटी. वळवळ, वळवळ, दिवसभर वळवळ!

रविवारची सकाळ झाली. बेडकी उठली. टुणुक टुणुक डोणीपाशी आली. आत बघते तर काय?

पाणी काळं! काळंकुट्ट! वर फेस, खाली चिखल. आणि वास? ईईईई!

“अगंबाई!” बेडकी म्हणाली.

बेडकीचे डोळे मोठ्ठे झाले. आधीच मोठे, आता आणखी मोठ्ठे.

काळ्या पाण्यातून ठिपकी वर आली.

“आई, डोळे चुरचुरतात. आई, मला श्वास घेता येईना.”

“थांब हं, राणी. मी आत्ता पाण्याला सांगते.”

बेडकी डोणीवर वाकली.

“पाण्या, पाण्या, निवळ ना!
ठिपकी माझी गुदमरते.”

पाणी म्हणालं, “बुडुक बुडुक! मी नाही निवळत, जा. गटार माझ्यात घुसलंय. आधी गटार वाहू दे, मग मी निवळेन.”

टुणुक टुणुक टुणुक. बेडकी गेली गटाराकडे. बघते तर काय? गटार हलेना, डुलेना. जागच्या जागी नुसतं फुगलेलं.

“अगंबाई!” बेडकीचे डोळे मोठ्ठे झाले.

“गटारा, गटारा, वाह ना!
पाणी निवळेना,
ठिपकी माझी गुदमरते.”

गटार म्हणालं, “गुडगुड गुडगुड! मी नाही वाहत, जा. माझ्या घशात पिशवी अडकलीय. आधी पिशवी निघू दे, मग मी वाहेन.”

टुणुक टुणुक टुणुक. बेडकी गेली पिशवीकडे. बघते तर काय? पिशवी टम्म फुगलेली. आत कांद्याची सालं. आत शिळा भात. आणि आत... सांगू? नाक धरा! आत बाळाची शी!

“अगंबाई! शी? पिशवीत? आणि पिशवी गटारात?” बेडकीचे डोळे केवढे मोठ्ठे झाले!

“पिशवी, पिशवी, नीघ ना!
गटार वाहेना,
पाणी निवळेना,
ठिपकी माझी गुदमरते.”

पिशवी म्हणाली, “फसफस फसफस! मी नाही निघत, जा. मी इथं रुतून बसलेय. आधी खराटा हलू दे, मग मी निघेन.”

टुणुक टुणुक टुणुक. बेडकी गेली खराट्याकडे. खराटा भिंतीला टेकून उभा. त्याच्या काड्यांत कोळ्यानं जाळं विणलेलं!

“अगंबाई!” बेडकीचे डोळे मोठ्ठे झाले.

“खराट्या, खराट्या, हल ना!
पिशवी निघेना,
गटार वाहेना,
पाणी निवळेना,
ठिपकी माझी गुदमरते.”

खराटा म्हणाला, “खर्र खर्र! मी नाही हलत, जा. मला काय पाय आहेत? आधी सुंदरामावशीला येऊ दे, मग मी हलेन.”

टुणुक टुणुक टुणुक. बेडकी गेली सुंदरामावशीकडे. मावशी दारात बसली होती. मांडीवर तान्हं बाळ होतं. मावशी बाळाला काजळ लावत होती.

“मावशी, मावशी, ये ना!
खराटा हलेना,
पिशवी निघेना,
गटार वाहेना,
पाणी निवळेना,
ठिपकी माझी गुदमरते.”

मावशी म्हणाली, “मी नाही येत, जा. माझा वार मंगळवार. मंगळवारी बघ मी गटार कसं लख्ख करते! आज रविवार. रविवार सगळ्यांचा. मी एकटीनं का म्हणून यायचं? आधी गेनूकाकांना उठू दे, मग मी येईन.”

“अगंबाई!” बेडकीचे डोळे मोठ्ठे झाले.

आता हे वाराचं काय ते सांगते. या गल्लीत गटार साफ करायला घराघराचा वार ठरलेला. सोमवार एका घराचा. मंगळवार दुसऱ्या घराचा. असं करत करत शनिवार आला आणि घरं संपली. रविवार उरला. मग म्हणाले, रविवार सगळ्यांचा. झालं! सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. आहे की नाही गंमत? गंमत कसली, डोंबल!

टुणुक टुणुक टुणुक. बेडकी गेली गेनूकाकांकडे. काका बाजेवर आडवे. तोंडावर टॉवेल. घुर्रर्र... फूऽऽ! घुर्रर्र... फूऽऽ! टॉवेल वर, टॉवेल खाली.

“काका, काका, उठा ना!
मावशी येईना,
खराटा हलेना,
पिशवी निघेना,
गटार वाहेना,
पाणी निवळेना,
ठिपकी माझी गुदमरते.”

काकांनी टॉवेल वर केला. एकच डोळा उघडला.

“मी नाही उठत, जा. माझा वार गुरुवार. आज रविवार. रविवार सगळ्यांचा. मी एकट्यानं का म्हणून उठायचं? ठकूआजी गल्लीत सगळ्यात मोठी. आधी तिला बोलू दे, मग मी उठेन.”

आणि टॉवेल पुन्हा तोंडावर! घुर्रर्र... फूऽऽ!

“अगंबाई! वास येतोय, तरी झोप येते?” बेडकीचे डोळे मोठ्ठे झाले.

टुणुक टुणुक टुणुक. बेडकी गेली ठकूआजीकडे. आजी ओट्यावर बसली होती. ओठ घट्ट मिटलेले. चुलीवर चहा उकळतोय. आजीच्या हातात रिकामी बशी.

“आजी, आजी, बोल ना!
काका उठेनात,
मावशी येईना,
खराटा हलेना,
पिशवी निघेना,
गटार वाहेना,
पाणी निवळेना,
ठिपकी माझी गुदमरते.”

“मी नाही बोलत, जा,” आजी बोलली. “चहा प्यायल्याशिवाय मी बोलतच नाही. माझा वार शनिवार, तो काल झाला. आज रविवार. रविवार सगळ्यांचा. ही बशी विसळायची आहे. विसळली की चहा. चहा झाला की मग बोलणं. आधी पाणी निवळू दे, मग मी बोलेन.”

“पाणी?”

“हो, पाणी.”

“डोणीतलं पाणी?”

“मग काय समुद्रातलं?”

बेडकीचे डोळे लिंबाएवढे झाले.

“अगंबाई गं! मी पाण्यापासून निघाले. एवढी वणवण केली. आणि पुन्हा पाण्यापाशीच आले!”

पाणी थांबलंय गटारासाठी. गटार थांबलंय पिशवीसाठी. पिशवी खराट्यासाठी, खराटा मावशीसाठी, मावशी काकांसाठी, काका आजीसाठी. आणि आजी थांबलीय पाण्यासाठी! आता हलणार कोण? सांगा बघू, कोण हलणार?

बेडकी पळत सुटली. टुणुकटुणुकटुणुक! डोणीपाशी आली.

“ठिपकी! ए ठिपकी!”

ठिपकी वरच तरंगत होती. शेपटी वळवळत नव्हती.

“आई...” एवढंच म्हणाली. तेही अगदी बारीक आवाजात.

बेडकीला रडू आलं. खूप रडू आलं. आणि मग राग आला. असा राग आला, असा राग आला की बेडकी फुगून टम्म झाली.

“गेला उडत तुमचा वार! माझ्या ठिपकीला वार कळतो का? त्या पिशवीतल्या शीला वार कळतो का? आता मी कुणालाच विचारणार नाही!”

आणि बेडकीनं काय केलं? गटारात उडी मारली.

डुबुक!

बाहेर आली ती काळी. डोकं काळं, पोट काळं, पाय काळे. अंगावरून ठिबक ठिबक गटार गळतंय. तशीच निघाली. टुणुक! ठिबक! टुणुक! ठिबक! ओट्यावर चढली. आणि एक उंच उडी...

पच्चाक्! थेट आजीच्या बशीत!

“ईईईईईई!” आजी ओरडली. “अगं माझे आई! गटार! गटार माझ्या बशीत!”

बोलली! आजी चहाशिवाय बोलली! अशी बोलली की गल्लीतले पत्रे थडथडले.

बेडकी बशीतून हलली नाही. काळ्या पायांवर ताठ बसून राहिली.

“आजी, मी तुझ्या बशीत आले, तर तू एवढी ओरडलीस. माझ्या ठिपकीच्या घरात सकाळपासून गटार आहे. आणि आजी, तू ही बशी रोज कुठं विसळतेस?”

आजीनं बशीकडे बघितलं. डोणीकडे बघितलं. मावशीच्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं. बाळाची वाटी, बाळाचा चमचा, सगळं त्याच डोणीत विसळायचे.

आता आजीचे डोळे मोठ्ठे झाले.

“अगंबाई!” आजी म्हणाली.

बेडकी टुणकन खाली उतरली. आजीनं झाकलेल्या हंड्यातून पिण्याचं पाणी काढलं. बशी खळखळून धुतली. पुन्हा पाणी भरलं. डोणीतून ठिपकीला अलगद उचललं आणि बशीत ठेवलं. चहाच्या बशीत! चहा चुलीवर उतू गेला, फस्स! आजीनं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

आणि आजी ओरडली, “गेनूऽऽ! ऊठ!”

आजी बोलली, काका उठले. उठले कसले, बाजेवरून पडले. धप्प!

काका उठले, मावशी आली. बाळाला झोळीत ठेवून आली.

मावशी आली, खराटा हलला. खर्र खर्र! कोळी पळाला तुरुतुरु.

खराटा हलला, पिशवी निघाली. फटाक्!

काकांनी पिशवीत डोकावलं. नाक धरलं.

“ईईई! ही शी कुणाच्या बाळाची?”

मावशीची मान खाली गेली. “आमच्या बाळाची.”

“आणि ही कांद्याची सालं?” मावशीनं विचारलं.

काका खोकले. “खॉक् खॉक्. आमचीच ती.”

“आणि शिळा भात?”

आजी आभाळाकडे बघायला लागली. आभाळात काहीच नव्हतं बरं का!

मग शी गेली संडासात. पाणी ओतलं, भस्स! सालं आणि भात गेले कचऱ्याच्या डब्यात. झाकण लावलं, खट्ट!

पिशवी निघाली, गटार वाहिलं. घळाघळा घळाघळा! गेलं, गेलं, गेलं!

गटार वाहिलं, डोणी रिकामी झाली. मावशीनं घासली, काकांनी धुतली. नळ सोडला. सूंऽऽ... खळखळ खळखळ!

आणि पाणी निवळलं. असं निवळलं, असं निवळलं की काचच!

“आणा ती ठिपकी,” काका म्हणाले.

“मी सोडते तिला,” मावशी म्हणाली.

सगळे हात पुढे आले. बेडकी बघते तर काय? काळे हात! चिकट हात! पिशवीचे हात!

“अगंबाई! थांबा!” बेडकी ओरडली. “आधी हात धुवा, मग ठिपकीला शिवा!”

सगळे गपचूप लांब गेले. साबण आणला. तळवे चोळले, खसखस. बोटांच्या मधे, खसखस. नखांत, खसखस. काका नखं विसरले होते. बेडकीनं डोळे वटारले. काका पुन्हा आले नखं धुऊन.

मग आजीनं बशी डोणीत बुडवली. ठिपकी पाण्यात उतरली.

हलली नाही.

सगळे आणखी जवळ सरकले. काकांनी नळ बंद केला.

बेडकी डोणीवर वाकली. “ठिपके?”

शेपटी हलली. एवढीशी हलली. वळ...

मग आणखी हलली. वळ... वळ...

वळवळ, वळवळ, वळवळ!

ठिपकी खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली.

“आई! आई! मला तळ दिसतोय!”

काका नाचायला लागले. मावशीनं डोळे पुसले. आजी म्हणाली, “आज चहा नाही झाला तरी चालेल.” असं आजी जन्मात कधी म्हणाली नव्हती. सगळी गल्ली बघतच राहिली.

मग आजीनं विचारलं, “पुढचा रविवार कुणाचा?”

काकांनी मावशीकडे बघितलं. मावशीनं काकांकडे बघितलं.

“सगळ्यांचा,” दोघं म्हणाले.

“सगळ्यांचा ना?” आजी म्हणाली. “मग सगळ्यांनी यायचं! जो येणार नाही, त्याच्या बशीत बेडकी!”

पुढचा रविवार आला. सगळी दारं उघडली. सगळे खराटे निघाले. आणि सगळ्यांच्या आधी कोण उठलं होतं, माहितेय? गेनूकाका! अजून टॉवेल तोंडावरच होता.

गोष्ट वाहिली घळाघळा,
पाणी राहिलं निवळशंख.
ऐकलं त्यांनी हात धुवा,
मग खाऊ मागायला या!