खारीनं न मांडलेला खेळ

सागाच्या एका दाट रानात एक खार राहत होती, आणि मुलांनो, तिच्यासारखा खेळ मांडणारं त्या रानात दुसरं कुणी नव्हतं. रानाचा कारभारी कोल्हा ज्या वडाखाली राहायचा, तिथे ती चिंचोके लपवायची, झाडांच्या सालींवर नखांनी खुणा करायची आणि त्या खुणांचा माग काढत लहानथोर सगळे दिवसभर धावायचे. ससा त्यात पटाईत. कुणाला काय सापडलं, ते पोपट ओरडून घटकेत रानभर करायचे. पुढे नदीकाठच्या पाणमांजरांनी तिला बोलावलं, "आमच्याकडे ये, पाण्यातला खेळ रच." किती दिवसांपासून तिच्या मनात होतं ते! "जा बाई, सुखानं जा," असं म्हणून कोल्ह्यानंही तिला निरोप दिला. तिनं काठच्या उंबराच्या ढोलीत कापूस अंथरला आणि थोड्याच दिवसांत तिथे तिची पिल्लं जन्मली. अजून डोळेही न उघडलेली.

इकडे पोपटांनी गलका केला, "खार गेली! खार गेली!" वडाखालच्या मंडळींना ते काही पटेना. "अशी कशी जाईल?" माकड म्हणालं. "हा नवा खेळ आहे. ती लपलीय, आपण शोधायचं!" झालं! सगळी फौज नदीकाठी. खारीनं पोटासाठी पुरून ठेवलेले दाणे त्यांनी "बक्षीस, बक्षीस!" करत उकरून खाल्ले. धावताना तिचं नख सालीवर जरा घासलं, की खूण समजून सगळे तिथे हजर. कुणी प्रेमानं फळं आणली, तर कुणी "आम्हाला सोडून गेलीस, कृतघ्न कुठली!" असं तोंडावर सुनावलं. बिचारी अगदी काकुळतीला आली. "अरे, हा खेळ नाही! मी इथे राहते. घरी जा ना!"

माकडानं टाळ्याच पिटल्या. "ऐकलंत? 'हा खेळ नाही' म्हणते! म्हणजे आपण अगदी जवळ आलोय!" आता काय म्हणावं यांना? तेवढ्यात ससा ओरडला, "सगळ्या खुणा या उंबराकडे जातात!" माकड सरसर वर चढलं, त्यानं ढोलीत हात घातला आणि कापसाचा बोळा ओढून खाली टाकला. तो सशाच्या पुढ्यात पडला. आत एक पिल्लू थरथरत होतं. खार धावत खाली आली, तिनं पिल्लू तोंडात धरलं आणि कुणाकडेही न बघता वर गेली. टाळ्या थांबल्या. "झाड मीच दाखवलं," ससा पुटपुटला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ढोली रिकामी होती. नदीच्या वरच्या अंगाला एका अर्जुनाच्या झाडावर खारीनं पिल्लांसकट नवं घर केलं होतं. एके सकाळी तिनं खाली पाहिलं, तर ससा! खोडावरच्या ताज्या ओरखड्यापाशी तो थांबला, मग त्यानं मान वर करून थेट ढोलीकडे पाहिलं. खारीच्या काळजाचं पाणी झालं. पलीकडच्या फांदीवरून पोपटानं विचारलं, "काय रे, सापडली का?" सशानं हळूच त्या ओरखड्यावर ओला चिखल लिंपला. "नाही बुवा," तो म्हणाला, "इथे कुणीच नाही," आणि पोपटाला घेऊन निघून गेला. खारीनं पिल्लांना पोटाशी घेतलं. कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

तात्पर्य : ज्याच्या कलेनं आपल्याला आनंद दिला, त्याच्या दारापर्यंत माग काढणं म्हणजे प्रेम नव्हे, त्याला निवांत राहू देणं हेच खरं प्रेम.