मागच्या सीटवरचा अर्ज

विषय : दृष्टिहीन सायकलपटू कु. मंदाकिनी भोयर यांना खेळाडू म्हणून मान्यता मिळणेबाबत.

दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीवर मागच्या सीटवरून पेडल मारत मंदाकिनीने नऊ वर्षं शर्यती जिंकल्या होत्या. चौतिसाव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेची ही शेवटचीच संधी होती, आणि त्यासाठी तिला ही मान्यता लागत होती.

“बाई, सायकल पुढचा चालवतो. तुम्ही नुसत्या बसता,” क्रीडाधिकारी सह्या करत म्हणाले. शेजारी कारकून पानं उलटत होता, “इथं, साहेब. आता इथं.”

मंदाकिनी म्हणाली, “साहेब, वाट कारकून दाखवतो, जोर तुमच्या सहीचा. तरी अधिकारी तुम्हीच ना?”

कारकुनाला खोकला आला. साहेब वरमले आणि त्या दिवसापासून प्रत्येक कागद स्वतः वाचू लागले. गठ्ठे छताला टेकले. स्पर्धा होऊन गेली. अर्ज वाचनासाठी प्रलंबित आहे.