तिसरा एक्सल

“लोखंडच कच्चं होतं, दुसरं काय? तुम्हीच सांगा उस्ताद, कच्चं होतं की नाही?”

कुंडलिकनं गोणपाटातून तुटका एक्सल काढला आणि दस्तगीर मिस्त्रींच्या पुढ्यात आदळला. शेजारच्या टपरीतला चहावाला वाकून बघायला लागला.

मिस्त्री माझ्या गाडीचे ब्रेक उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कितवा?”

“तिसरा.”

“कुठं तुटला?”

“घाटात.”

“घाटात कुठं?”

कुंडलिकनं रिकाम्या गोणपाटाची घडी घातली.

“आधीचे दोन तुटले त्याच वळणावर,” तो म्हणाला. “चाक निखळून दरीत गेलं. ड्रायव्हर वाचला.”

हा कुंडलिक बारा वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली होता. मग रस्त्याच्या पलीकडे त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं आणि हातभर उंचीच्या अक्षरांत बोर्ड लावला, ‘पिकअपच्या मागच्या एक्सलचे खास काम’. हात कसबी होता, नाही कोण म्हणतो? पण नाक इतकं वर, की बोलताना त्याच्या नाकपुड्याच दिसायच्या.

त्यानं काय केलं होतं, ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो, डिफ्रन्शल. इंजिनाचा जोर तो दोन बाजूंच्या दांड्यांतून, म्हणजे एक्सलमधून, दोन्ही चाकांना वाटतो आणि वळताना दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतो. कुंडलिकनं पावसाळ्याच्या तोंडावर चौदा पिकअपचे गोळे उघडले आणि आतली गियरं वेल्डिंग करून एकमेकांना जखडून टाकली. तेव्हापासून त्या गाड्यांची दोन्ही चाकं सारखीच फिरायची, मग रस्ता कसाही असो.

“संपतचीही जखडलीस?” मिस्त्रींनी विचारलं.

“सगळ्यात आधी त्याचीच. सख्खा भाऊ आहे माझा.”

मिस्त्रींनी हातातल्या पान्यानं रस्त्याच्या पलीकडे दाखवलं. कुंडलिकच्या गॅरेजसमोर संपतची पिकअप उभी होती. मागच्या हौद्यात गावच्या महिला भजनी मंडळाच्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. दुपारी तालुक्याला स्पर्धा होती आणि तालुका घाटाखाली. या दोघा भावांची आई टाळ मांडीवर घेऊन पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. पेटीवाली तेवढी यायची राहिली होती, की निघाले.

“सकाळी सांगितलं मी त्याला, या गाडीनं जाऊ नकोस,” मिस्त्री म्हणाले.

“मग?”

“म्हणाला, दादा सांगेल तर थांबतो. तू सांग.”

“काय सांगू? माझं काम चुकलं म्हणून? भर रस्त्यात?”

“तेवढंच सांग. जास्त नको.”

कुंडलिक हसला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. आई त्या गाडीत बसली आहे आणि हा हसतो, म्हणून माझं टाळकं सरकलं. पण मी गिऱ्हाईक, तोंड मिटून बसलो.

“उस्ताद, एक विचारू? राग नाही ना?”

“विचार.”

“एक चाक चिखलात रुततं. दुसरं कोरड्या जमिनीवर घट्ट उभं असतं. तुमचा डिफ्रन्शल काय करतो? रुतलेल्याला गरागरा फिरवतो आणि घट्ट उभं आहे त्याला बसवून ठेवतो. गाडी जागच्या जागी. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे जो घसरला त्याचे लाड आणि जो उभा राहिला तो उपाशी. हा कुठला न्याय? मी तो मोडला. दोघांनी सारखं चालायचं, कुणी मागं राहायचं नाही. अख्ख्या पावसाळ्यात माझी एक तरी गाडी शेतात फसली? दाखवा एक.”

“एकही नाही फसली.”

“मग?”

“पाऊस गेला. आता रस्ता कोरडा, चाक घसरत नाही,” मिस्त्री म्हणाले.

कुंडलिकला ते लागलं असावं. त्यानं एक्सल पुन्हा उचलला. तुटलेल्या टोकाशी लोखंड पिळलं होतं, धुणं पिळावं तसं.

“लोखंड कच्चं आहे,” तो म्हणाला. “जाडा एक्सल घालतो. दुप्पट जाडा.”

“मग गोळा फुटेल.”

“गोळाही जाडा घालतो!”

“मग वळणावर गाडी सरळ जाईल.”

“तुम्हाला माझं चाललेलं बघवत नाही, एवढंच आहे हे!” कुंडलिक ओरडला. “आणि माघार घ्यायची नाही, हे कुणी शिकवलं मला? तुम्हीच ना?”

“मीच.”

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. उठले, गुडघ्यावर हात टेकत टेकत. कोपऱ्यात टायर खोलायच्या पान्याला लावायचा लांब पाइप पडला होता, तो त्यांनी आणला. एक टोक स्वतःच्या काखेत धरलं आणि दुसरं कुंडलिकपुढं केलं.

“धर.”

“काय चाललंय?”

“धर तर. घट्ट धर. आपण दोघं त्या पाण्याच्या पिंपापर्यंत जायचं आणि त्याला वळसा घालून परत यायचं. पावलं सारखी. कुणी मागं राहायचं नाही.”

सत्तरीचा म्हातारा आणि पस्तिशीचा गडी, काखेत एकच पाइप. चहावाल्यानं गिऱ्हाइकाचा कप हातातच ठेवला. सरळ रस्त्याला दोघं झकास चालले, मलाही मजा वाटली. पिंप आलं. मिस्त्री पिंपाच्या अंगाला होते, कुंडलिक बाहेरच्या अंगाला. कुंडलिक वळायला लागला.

मिस्त्री वळले नाहीत. त्यानं टाकलं तेवढंच लांब पाऊल त्यांनी टाकलं. मग दुसरं.

पाइप दोघांच्या काखेत पिळला गेला. कुंडलिकनं जोर लावला. त्या जोरासरशी मिस्त्री हिसका बसून आडवे झाले. गुडघा फुटला, पायजमा फाटला.

“उस्ताद!” कुंडलिकनं पाइप टाकून दिला. “आतल्या अंगाला होतात ना तुम्ही? थांबायचं ना जरा! तुमच्या थांबण्यावरच तर...”

तो मधेच थांबला.

मिस्त्री मातीत बसले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि गुडघ्याला बांधायला घेतला.

“बोल की,” ते म्हणाले. “माझ्या थांबण्यावर काय?”

कुंडलिकची नजर रस्त्यापलीकडच्या पिकअपवर गेली.

पलीकडे पेटी हौद्यात चढली. संपतनं गाडी चालू केली. बायकांनी टाळ वाजवून गजर धरला, तो रस्त्याच्या या बाजूला स्वच्छ ऐकू येत होता.

“तुम्ही सांगा त्याला, उस्ताद,” कुंडलिक हळूच म्हणाला. “मी तुमचे पाय धरतो.”

“माझं ऐकलं नाही त्यानं.”

“टपरीवर अख्खा गाव बसलाय. माझा बोर्ड...”

मिस्त्री रुमालाची गाठ मारत राहिले. मला वाटलं, आता ते उठतील, हात जोडतील, याच्या वतीनं रस्त्यात जातील. त्यांनी तसलं काही केलं नाही. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू?

पिकअपनं तोंड घाटाकडे वळवलं.

कुंडलिक पळाला. एक मोटारसायकल त्याला घासून गेली, शिवी देऊन गेली. त्यानं गाडीपुढं जाऊन दोन्ही हात बॉनेटवर टेकले.

“उतरा सगळ्या!”

संपतनं भोंगा वाजवला. “दादा, डोकं फिरलंय का? बाजूला हो!”

“नाही होत.”

“स्पर्धा आहे त्यांची!”

“असू दे. गोळा मी जखडला. चुकलं माझं. तीन गाड्यांचे एक्सल माझ्यामुळं गेले. ही गाडी घाटात जाणार नाही. जायचंच असेल तर माझ्या अंगावरून ने.”

गजर बंद पडला. टपरीवर कुणीतरी मोठ्यानं हसलं. “अरे कुंडलिक, मग तो बोर्ड उतरव की!”

“उतरवतो!” कुंडलिकनं मान न वळवता उत्तर दिलं. “आधी या उतरू देत. मग बोर्ड उतरवतो, आणि उरलेल्या दहा गाड्या आणा, फुकट खोलून देतो. हसायचं तेवढं हसून घ्या.”

त्याचे कान लाल झाले होते, पण बॉनेटवरचे हात हलले नाहीत.

“अहो पण आम्ही पोचायचं कसं?” हौद्यातून पेटीवाली कडाडली.

“दुसरी गाडी आणतो मावशी. उशीर होईल. शिव्या मला द्या.”

पुढचं दार उघडलं. आई टाळ छातीशी धरून खाली उतरली. मुलाच्या तोंडाकडे तिनं क्षणभर बघितलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन दगडावर बसली. बाकीच्या बायका मात्र हौद्यातच बसून कलकलाट करत होत्या.

संपत चिडून खाली उतरला आणि रस्ता ओलांडून मिस्त्रींपुढं येऊन उभा राहिला.

“उस्ताद, तुम्हीच समजवा आता याला. जन्मात कधी मागं सरला नाही हा माणूस. आजही सरत नाही. नुसता आडवा उभा आहे!”

मिस्त्री लंगडत माझ्या गाडीपाशी आले आणि त्यांनी खाली ठेवलेला पाना उचलला. रस्त्यापलीकडे एकदा पाहिलं.

“आतलं चाक आहे ते,” ते म्हणाले. “ते थांबल्याशिवाय गाडी वळत नाही.”